हौदावरची हाक

गुरं यायची बंद झाली आणि आक्काबाईला जरा बरी झोप लागू लागली.

त्याआधीचे दिवस वाईट गेले होते. जयपूरजवळच्या चौमूच्या बाजारापासून आत, वाळूच्या रस्त्याला लागून पिसाळांचं रान होतं, आणि रानाच्या तोंडाशी हौद होता. कमरेएवढा उंच, लांबट, दोन्ही अंगांनी गुरांना तोंड घालता येईल असा. तिचे यजमान आनंदराव पिसाळ तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याकडं, माणच्या माळावर परत न जाता ते जयपूरच्या बाजूलाच एका सोबत्याच्या ओळखीनं जमीन घेऊन राहिले. त्याच वर्षी आक्काबाईनं हा हौद बांधून घेतला. लहानपणी गावाकडं तिनं पाण्यावाचून पडलेली गुरं बघितली होती. हितं बोअरला पाणी हाय तवर पिऊ देत, एवढंच तिचं म्हणणं होतं. तेव्हापासून दिवस कलला की ती हौद भरायची. लोकांनी सोडून दिलेल्या भाकड गाई, ट्रॅक्टर आल्यावर कुणाला नको झालेले गोऱ्हे, सगळी मोकाट जनावरं पाण्याला यायची.

यंदा बोअर खाली गेला. मोटर चालू केली की थोडा वेळ पाणी यायचं, मग नळीतून नुसती हवा फुसफुसायची. आषाढ लागला तरी आभाळात काही नव्हतं. दारात दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या दुधावर घर चालत होतं. म्हशींसाठी केलेलं कडवळ, चाऱ्याची ज्वारी, गुडघ्याएवढं होऊन थांबलं होतं. दुपारच्या उन्हात त्याची पानं सुरळीसारखी आत वळायची.

“आत्याबाई, थोडं कापू का? कुट्टी संपत आली,” सून अनुश्री रोज विचारायची.

“इळा लावू नगंस. कणसं धरू दे. पाण्याला ताणलेलं हाय, आत्ता खाल्लं तर किराळ लागंल, म्हस फेस टाकून मरंल.”

कडवळाला पाणी द्यायचं तर हौद भरणं शक्य नव्हतं. आक्काबाईनं हौदाचा नळ बंद केला.

पण गुरं येतच राहिली. येऊन हौदाच्या दोन्ही अंगांना उभी राहायची, कोरडा तळ चाटायची, घराकडं बघायची. पहिले काही दिवस ती दार लावून आत बसली. मग शेजारी तक्रार करायला लागले, कारण तहानेली गुरं जाता जाता कुणाच्या ना कुणाच्या रानात शिरायची. शेवटी ती ढेकळं घेऊन बाहेर पडली. ढेकूळ मारताना पदर तोंडावर ओढून घ्यायची, गुरांनी ओळखू नये म्हणून. अनुश्री दारातून बघायची. तिला हसू यायचं आणि येता येता विरून जायचं.

मग हळूहळू एकेक जनावर कमी झालं. हमरस्त्यापलीकडं दगडाच्या जुन्या खाणीत थोडं पाणी होतं, तिकडं जायला लागली. शेवटी एक बांडी गाय तेवढी उरली. शेपटी अर्धी तुटलेली, एक शिंग डोळ्याकडं वळलेलं. तिच्या बरगडीवर ढेकूळ फुटलं तरी ती हलायची नाही. मग तीही यायची थांबली.

“इसरली,” आक्काबाई म्हणाली. “बरं झालं.”

गाडी आली ती यानंतर.

गाडीतून वसंतराव उतरले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, जयपूरच्या सी-स्कीम वस्तीत राहणारे, तिथल्या मराठी माणसांच्या सह्याद्री स्नेहवर्धक मंडळाचे अध्यक्ष. बरोबर निशिगंधा नावाच्या बाई होत्या, विमा कंपनीत अधिकारी आणि मंडळाच्या कार्यवाह. आनंदराव खाटेवरून उठले ते उभेच राहिले. पाहुण्यांना खुर्च्या मिळाल्या, पाणी मिळालं, तरी उभेच. शेवटी वसंतराव म्हणाले, “अहो बसा ना,” तेव्हा ते स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या खाटेच्या कडेला टेकले.

“मी पूर्वी चौमूच्या शाखेत होतो,” वसंतराव म्हणाले. “येता-जाता तुमचा हौद बघायचो. तेव्हाच मनात होतं. यंदा मंडळानं ठरवलंय, समाजासाठी ज्यांनी आयुष्य दिलं अशा आपल्या लोकांचा सन्मान करायचा. एक डॉक्टर आहेत, एक शाळा चालवणाऱ्या बाई आहेत, आणि तुमच्या मंडळी.”

आनंदरावांनी बायकोकडं बघितलं. ती चुलीच्या राखेनं पातेलं घासत होती.

“हौद बंद हाय,” ती म्हणाली.

“बंद म्हणजे? दुरुस्तीला काढलाय?”

“पाणी न्हाई.”

मग निशिगंधा बाई म्हणाल्या, “काकू, त्याची काळजी नको. कार्यक्रमात प्रत्येकाची एक छोटी फिल्म दाखवायची आहे. मतलब, तुम्ही पाणी भरताय, गाई पिताहेत, एवढंच. आम्ही टँकर मागवतो ना. शूटिंगपुरता.”

“नगं.”

“का हो?”

“वाट इसरल्यात गुरं.”

दोघांना ते कळलं नाही. वसंतराव हसून म्हणाले, “मग आठवण करून देऊ.”

आक्काबाई पातेलं ठेवून उठली. ती काही बोलणार एवढ्यात आनंदराव म्हणाले, “तसं काय न्हाई, साहेब. हुतंय सगळं. तुम्ही म्हणाल त्या दिवशी.”

गाडी गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धारेला बसली तेव्हा आनंदराव गोठ्याच्या मेढीला धरून म्हणाले, “किती दीस बोलणार न्हाईस?”

“हुतंय म्हणून कुणी सांगितलं? तुम्ही. भरा मग तुम्हीच हौद.”

“एका दिसाचा परश्न हाय.”

“गुरांस्नी कुठं कळतंय एक दीस.”

“आगं, जलमभर कुणी इचारलं आपल्याला?” त्यांचा आवाज खाली आला. “गावाकडं गेलं तर राजस्थानी आलं म्हणत्यात. हितं मराठे म्हणत्यात. ही आपली माणसं घरापत्तूर आली. तुझं नाव घेत्यात. त्यास्नी न्हाई म्हणू?”

“म्हणायचं.”

“मला न्हाई जमत.”

ते खरं होतं. सगळं आयुष्य वरच्याला हो म्हणण्यात गेलं होतं, आणि बुशशर्ट घातलेला, हळू बोलणारा मराठी साहेब समोर आला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. आक्काबाईनं म्हशीच्या सडाला हात लावला. म्हशीनं पान्हा चोरला होता. अर्धी चरवीही भरली नाही.

शूटिंगच्या दिवशी टँकर आला. पाण्याचा लोट हौदात पडला तेव्हा तळातली वाळलेली शेवाळाची खपली सुटून वर तरंगली. अनुश्रीनं ती हातानं काढली. काढून झाल्यावरही तिनं हात तसाच पाण्यात ठेवला.

निशिगंधा बाईंनी आक्काबाईची ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. मग अंगावर जरीच्या काठाची शाल घातली. उन्हाची वाफ निघत होती आणि शालीखाली पाठीवरून घाम ओघळत होता.

“नऊवारी असती ना, तर फार छान दिसलं असतं,” बाई म्हणाल्या. “हरकत नाही. आता हौदात हात घाला. थोडं हसा. गाई कधी येतात?”

गाई आल्या नाहीत. रस्ता दोन्हीकडं मोकळा होता. एक कुत्रं येऊन पाणी पिऊन गेलं. वसंतराव गाडीत जाऊन बसले, पुन्हा बाहेर आले. ऊन तिरपं व्हायला लागलं.

“प्रकाश जातोय,” निशिगंधा बाई मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “काकू, तुम्ही काहीतरी हाक मारायचात ना? सर सांगत होते, फार गोड आवाज यायचा रस्त्यापर्यंत. ती मारा ना. एकदम नैसर्गिक येईल.”

आक्काबाई पाण्याकडं बघत राहिली.

“काकू?”

“मार की,” आनंदराव म्हणाले. “साहेब खोळंबल्यात.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते.

मग तिनं तोंडाला दोन्ही हात लावले आणि हाक मारली. “योऽऽ, ये ये ये, योऽऽ.” माणच्या माळावरची हाक. इथली गुरं आधी तिला ऐकून बुजायची, मग ती त्यांच्या कानाला बसली. जयपूरला शिकणाऱ्या नातवाला आली नाही तेवढी मराठी या गुरांना येते, असं आनंदराव गमतीनं म्हणायचे. आवाज पहिल्यांदा कोरडा निघाला. दुसऱ्यांदा मोकळा झाला. खेजडीची झाडं ओलांडून, पडीक रानं ओलांडून, पार हमरस्त्याकडं गेला.

आधी धूळ दिसली. मग बांडी. ती चालत नव्हती, पळत होती, पोट हेलकावत. तिच्यामागं गोऱ्हे, त्यांच्यामागं कुणाकुणाच्या गाई, काही आक्काबाईनं आधी कधी न बघितलेल्या. बांडी पाण्याशी न जाता आधी तिच्याकडं आली. शालीच्या काठाला नाक लावून हुंगलं आणि मग हौदात तोंड घातलं.

“वा!” वसंतराव म्हणाले. “हे बघा. याला म्हणतात सेवा.”

निशिगंधा बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंनी चित्रण केलं, पाणी पिणाऱ्या जिभांचं, आक्काबाईच्या हातांचं. हौद रिकामा व्हायला वेळ लागला नाही. निघताना त्यांनी शाल उतरवून घेतली, झटकली आणि नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

“ही कार्यक्रमाच्या दिवशी देऊ,” त्या म्हणाल्या. “नारळ असू दे तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी दिवस कलला आणि गुरं आली. तिसऱ्या दिवशी आणखी आली. हौद कोरडा होता. ती दोन्ही अंगांना ओळीनं उभी राहिली. आक्काबाई पदर ओढून ढेकळं मारायला लागली, पण आता हाकेनंतर मारलेल्या ढेकळाला गुरं दाद देत नव्हती. चार पावलं मागं जायची, पुन्हा यायची. तिनं मोटर लावून दोन बादल्या पाणी आणून ओतलं तर शिंगं एकमेकांत अडकली आणि एक गोऱ्हा पडला. अनुश्री म्हणाली, “आत्याबाई, नका ना.”

शेजारच्या रानातला नानगराम कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याची काकडी तुडवली गेली होती. आक्काबाईला तो काकीजी म्हणायचा, आणि बांधावरून भांडतानाही तेच म्हणायचा.

“काकीजी, थे बुलाया, थे ही भगाओ,” तो म्हणाला.

“भगवतीयच की रे. जात न्हाईत.”

“फिल्मवालों को बोलो. वे भगावेंगे.” आणि तो कडवट हसला.

घरच्या तिघांनी मिळून कडवळाभोवतीचं कुंपण वाढवलं. बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या, एकीवर एक रचल्या. अनुश्रीच्या तळहाताला काटे मोडून बसले, ती संध्याकाळी दिव्याजवळ सुईनं काढत बसायची. आनंदराव गुडघ्याला फडकं बांधून खाट घेऊन रानातच झोपायला गेले. रात्री काठी आपटायचे, शिव्या द्यायचे, सकाळी लंगडत चहाला यायचे. त्यांच्या चेहऱ्याकडं बघत आक्काबाई एकदाच म्हणाली, “कणसं धरूस्तवर कसं निभवायचं बघा.”

“पाऊस येईल.”

“येईल की.”

पाऊस आला नाही. एका पहाटे खाट रिकामी होती, कारण आनंदरावांना ताप चढल्यामुळं अनुश्रीनं त्यांना रात्री घरात आणलं होतं. उजाडताना आक्काबाई बाहेर आली तेव्हा बाभळीच्या फांद्या बाजूला पडल्या होत्या, त्यांना लाल-पांढरे केस चिकटले होते, आणि कडवळाचे बुडखे तेवढे उरले होते. 

बुडख्यांमध्ये गुरं पडली होती. दोन जनावरं पाय ताणून गप्प झालेली. एक गोऱ्हा मान वेळावत होता. बांडी बसलेली होती, तोंडातून फेस, पोट ढोलासारखं, श्वास घ्यायला मान पुढं काढलेली.

“अनुश्री! गूळ आण. समदा आण.”

अनुश्रीनं डबा पालथा करून गूळ पाण्यात कालवला. आक्काबाईनं बांडीचं डोकं मांडीवर घेऊन तिचा जबडा उघडला आणि बांबूच्या नळ्यातून पाणी ओतलं. हिरड्या लालभडक झाल्या होत्या. थोडं आत गेलं, थोडं तिच्या साडीवर सांडलं. “पी. पी गं बाई. गीळ.” आनंदराव तापातच बाहेर आले होते आणि मोबाईलवर गुरांच्या डॉक्टरांना पत्ता सांगत होते, तोच पत्ता पुन्हा पुन्हा. डॉक्टर आले तेव्हा गोऱ्हा वाचण्याजोगा होता, त्याला सुई दिली. बांडीच्या डोळ्यावर माशी बसली आणि पापणी हलली नाही.

तोवर रस्त्यावर माणसं जमली होती. तरुण पोरं मोबाईल वर धरून आत आली. एकानं मेलेल्या गाईच्या तोंडातला फेस जवळून घेतला, मग तिथूनच मोबाईल आक्काबाईच्या तोंडावर वळवला.

“जहर दिया है,” कुणीतरी म्हणालं.

नानगराम पुढं आला. तो रोज भांडणारा माणूस, पण हात पसरून मध्ये उभा राहिला आणि कडवळाच्या बुडख्यांकडं मान करून म्हणाला, “चरी है, चरी. सूखी चरी खाके मरी है. जहर-वहर कोनी. डॉक्टर खड़ा है, पूछ लो.”

“चरी किसकी है?” पोरानं विचारलं.

नानगरामचे पसरलेले हात खाली आले.

दुपारी पोलीस येऊन गेला. जबाब घेतला, कडवळाचे बुडखे पिशवीत घालून नेले. डॉक्टरांनी आपलं म्हणणं सांगितलं होतं, तरी तपासणी होईपर्यंत गाव सोडू नका, असं तो म्हणाला. गाव सोडून कुठं जाणार होते? जेसीबी आला, नानगरामच्या पडीक तुकड्यात खड्डा झाला. बांडीला साखळी लावून ओढत नेलं तेव्हा बुडख्यांवर ओलसर पट्टा उमटला. आक्काबाई त्याकडं बघत बसली. कुणीतरी तिला उठवून आत नेईपर्यंत तिच्या साडीवर गुळाचं पाणी वाळून कडक झालं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

फिल्मचा एक तुकडा निशिगंधा बाईंनी कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी आधीच सगळीकडं पाठवला होता. कुणीतरी तो आणि पोरांनी मोबाईलवर घेतलेलं चित्रण एकाला एक जोडलं. आधी ती शाल पांघरून तोंडाला हात लावून हाक मारते, गाई पळत येतात; लगेच फेसाळलेली तोंडं. खाली लिहिलं होतं, आधी बोलावलं, मग मारलं.

जयपूरला कंपनीची गाडी चालवणारा मुलगा, संग्राम, त्याचा फोन आला. “आई, बाहेर पडू नको. मतलब, थोडे दिवस. दूध घालायला अनुश्रीला पण नको पाठवू. मला सुट्टी मिळाली की येतो. आणि आई, ती हाक… माझ्या शेठनं पण ऐकली. मला म्हणाला, ये कौन है.”

“मग तू काय म्हणालास?”

पलीकडं हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला.

डेअरीवाल्यानं दूध घ्यायचं थांबवलं. कुट्टी संपली. व्यापारी येऊन म्हशी बघून गेला, दात बघितले, कासेला हात लावला, आणि उद्या येतो म्हणाला.

वसंतरावांचा फोन आला तेव्हा आनंदराव खाटेवर पडलेले होते. नाव बघून उठले. भिंतीला धरून उभे राहिले.

“आनंदराव, फार वाईट वाटलं बघून,” वसंतराव म्हणाले. मोबाईलचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं. “आम्हाला माहितीय हो, तुमची काही चूक नाही. पण वातावरण बघताय ना. कार्यक्रमाला बाहेरचे पाहुणे येणार आहेत. तेव्हा यंदा वहिनींचं नाव तेवढं मागं ठेवतोय. तुमच्याच सुरक्षिततेसाठी. पुढच्या वर्षी नक्की.”

“हो साहेब.”

“आणि एक विनंती. पोलिसांनी विचारलं तर मंडळाचं नाव नको यायला. टँकर तुमच्याच ओळखीतून आला होता, एवढंच.”

“हो साहेब.”

“काळजी घ्या.”

फोन बंद झाला तरी ते तसेच ताठ उभे होते. आक्काबाईनं त्यांच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि त्यांना धरून खाली बसवलं. अंग भट्टीसारखं तापलं होतं.

“टँकर आपण मागिवला व्हता म्हणू,” ते म्हणाले.

“म्हणा.”

“तू चिडली न्हाईस?”

तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि बाहेर गेली. अनुश्री मागोमाग घण घेऊन आली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

हौद पक्का बांधला होता. पहिले घाव नुसते उसळून मनगटात परत यायचे. मग कोपरा सुटला. आक्काबाई फटीत पहार घालून सगळं अंग टाकायची, अनुश्री घण घालायची. सिमेंटची ढलपी उडून अनुश्रीच्या कपाळाला लागली, रक्ताची बारीक धार भुवईत थांबली. तिनं बाहीनं पुसली आणि पुन्हा घण उचलला. नानगराम आपल्या बांधावरून बघत होता. थोड्या वेळानं तो आला, घण अनुश्रीच्या हातातून घेतला आणि घाव घालायला लागला. दगड सुटे झाले तसे दोघी ते उचलून घराच्या मागं टाकत गेल्या. दिवस कलायच्या आत रस्त्याच्या कडेला काही उरलं नाही. नानगरामनं फावड्यानं जमीन सारखी केली.

“अब नहीं आवेगी,” तो म्हणाला आणि घण ठेवून गेला.

आक्काबाई उंबऱ्यावर बसली. हाताची साल निघाली होती. वाळू निवायला लागली, खेजडीच्या सावल्या लांबल्या, आणि खाणीच्या बाजूनं धूळ उठली.

गुरं आली. हौद होता तिथं येऊन थांबली, जमीन हुंगली. सुई दिलेला गोऱ्हाही होता, पाय ओढत. आता परत फिरतील म्हणून ती बघत राहिली. पण ती फिरली नाहीत. हळूहळू सरकत, एकमेकांना शिंगानं ढोसत, त्यांनी आपापली जागा धरली आणि दोन ओळी करून, समोरासमोर माना खाली घालून, मधे हौदाएवढीच जागा सोडून उभी राहिली.